पिवळी आई, पांढरा बाप, लाल लेक

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. "ताई, सरकारी प्रयोगशाळेत एवढी वर्षं काढलीत, दिवाळी अंकासाठी काही गमतीदार किस्से लिहा की. लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि विचार करत उभी राहिले. तोवर शेंगदाणे करपले.

गमती झाल्या नाहीत असं नाही. एक गृहस्थ रक्त काढून झाल्यावर अडून बसले, की तपासून उरेल ते परत द्या, माझं आहे. नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने साखर तपासायला स्वतः न येता ड्रायव्हरला पाठवलं. वर चिठ्ठी, "मला टाइम नाही, याचं घ्या, आम्ही दोघं एकाच ढाब्यावर जेवतो." एका मुलीचे वडील होणाऱ्या जावयाचा रक्तगट घेऊन आले. नवरा-बायकोचा गट एकच असला की मूल होत नाही असं त्यांना कोणीतरी पटवलं होतं. मी विचारलं, "तुमचा गट कोणता? आणि बाईंचा?" दोघांचा बी पॉझिटिव्ह. मुलं सहा. "मग?" म्हटलं. तर म्हणतात, "आमच्या टायमाला तपासत नव्हते ना, म्हणून झाली."

तर एवढ्या गमती पुरे. आता मला जे लिहायचंय ते लिहिते. संपादकांना पटलं नाही तर त्यांनी छापू नये, माझी काही हरकत नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून ही एक गोष्ट माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे आणि तिच्यात हलकंफुलकं काही नाही.

आमचं काम थोडक्यात सांगते. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ, सुरगाणा, त्या डोंगरपट्ट्यात, सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. आई-बापाकडून येणारा. रक्तातला तांबडा रंग बनवायची कृती प्रत्येकाला दोन चिठ्ठ्यांवर लिहून मिळते असं समजा. एक चिठ्ठी आईची, एक बापाची. एका चिठ्ठीत खोट असली तर माणूस ठणठणीत असतो, फक्त ती खोट तो पुढे मुलांना देऊ शकतो. त्याला वाहक म्हणतात. त्याला आम्ही पिवळं कार्ड द्यायचो. दोन्ही चिठ्ठ्या खोटीच्या निघाल्या तर रक्तातल्या गोल, मऊ पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मूल हाडं फोडल्यासारखं ओरडतं. त्याला लाल कार्ड. ज्याच्यात काहीच नाही त्याला पांढरं.

गावात शिबिर लागलं की बोटाला टोचून रक्ताचे थेंब नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकायचे. पाच मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे रेघा मारलेला कागद धरायचा. नळीतून रेघा दिसल्या तर पांढरं कार्ड, घरी जा. औषध गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ते रक्त नाशिकला आमच्याकडे यायचं. आम्ही ते विजेच्या पट्टीवर पळवून बघायचो आणि पिवळं की लाल ते ठरवायचो. गढूळ झालेल्यांचं पुढे बघायचं, रेघा दिसलेल्यांना पुन्हा कोणी विचारायचं नाही. इथेच आम्ही माती खाल्ली.

आणखी एक खोड आहे आमच्या धंद्यात, ती बाहेरच्यांना माहीत नसते. आई, बाप आणि मूल यांचं गणित जुळलं नाही की टेबलावरची माणसं एकमेकांकडे बघतात. बोलत कोणीच नाही. भुवई जराशी वर जाते, ओठ मुडपले जातात आणि कागद फायलीत जातो. खरं तर अशा वेळी घोळ बहुतेकदा आमचाच असतो. नळ्यांची अदलाबदल होते, नाव चुकीचं चिकटवलेलं असतं. पण आधी नळीवर संशय घ्यावा हे कोणाच्या मनात येत नाही. आधी बाईवर येतो. मी स्वतः बाई, आणि माझ्याही मनात तेच यायचं.

पुंडलिक नावाचा माणूस एके दिवशी आमच्या खिडकीशी आला. पेठच्या पलीकडच्या एका गावचा, आश्रमशाळेत क्लार्क. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं अदबीचं. त्याने पिशवीतून तीन कार्डं काढून माझ्यासमोर ओळीने मांडली. त्याचा धाकटा भाऊ काशिनाथ, पांढरं. भावाची बायको हिरा, पिवळं. त्यांची सात वर्षांची मुलगी रोशनी, लाल. मग मोबाइलवर त्याने मला एक फोटो दाखवला. आमच्याच खात्याचं पोस्टर, त्यांच्या शाळेच्या भिंतीवर लावलेलं. पिवळी आई, पिवळा बाप, खाली चार मुलं: एक पांढरं, दोन पिवळी, एक लाल.

"मॅडम, येकच विचारायचं हाय," तो म्हणाला. "बाप पांढरा आसंल, तर लाल पोर हुतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"कधीच नाय?"

"नाही होत."

माझ्या शेजारी बोरसे होते. आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, सटाण्याकडचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांनी नळीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. तेवढंच. पण पुंडलिक काचेच्या पलीकडून आमच्याचकडे बघत होता. त्याने तिन्ही कार्डं गोळा केली, रबर लावलं, "बस्स, येवढंच पायजे व्हतं" म्हणाला आणि गेला.

मी डबा खाल्ला. मेथीची भाजी होती, चवीने खाल्ली. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक म्हणतात की माझ्या मनाला तेव्हाच काहीतरी लागलं होतं वगैरे. मला काहीही लागलं नव्हतं. त्या हिराचं माझ्या मनाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात मी लहानपणापासून ऐकत आले की माणसाला जन्मावरून तोलू नये. आमच्या घराण्याने तोलून घेणं पिढ्यान् पिढ्या सोसलंय. आणि तरीही एका न पाहिलेल्या बाईचा आणि तिच्या लेकीचा जन्म मी काचेच्या मागे बसून तोलला. मला माझाच राग येतो तो याचा.

आठ महिन्यांनी एक बाई खिडकीशी येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर घेतलेली. एवढी मोठी मुलगी कडेवर कशाला, म्हणून मी बघितलं, तर मुलीचा डावा हात खाली लोंबत होता, बोटं आत वळलेली.

"पुंडलिकला सांगणाऱ्या बाई तुम्हीच का?" तिने विचारलं. "लाल पोर हुत नाय म्हणून?"

मग कळलं, ही हिरा.

तिने जे सांगितलं ते मी सरळ सांगते. त्या दिवशी पुंडलिक गावात पोचला आणि त्याच संध्याकाळी घराच्या ओट्यावर माणसं जमवली. तीन कार्डं दाखवली, मोबाइलमधलं पोस्टर दाखवलं. "नाशिकच्या मॅडमनी सांगितलंय" म्हणाला. दोघं तंत्रज्ञ एकमेकांकडे बघून हसले, असंही म्हणाला. हसलो नव्हतो, पण तो खोटं बोलला असंही मला म्हणता येत नाही. हिराला लेकीसकट घराबाहेर काढलं. ती सुरगाण्याकडे आईकडे गेली. रोशनीचं कार्ड सासरी राहिलं. लाल कार्डाच्या मुलांना रोज गोळ्या लागतात, त्या फुकट मिळतात, पण नाव ज्या उपकेंद्राच्या वहीत असेल तिथेच. माहेरच्या उपकेंद्रात म्हणाले, इथे नाव नाही, कार्ड आणा. सासरी कार्ड मागायला गेली तर पुंडलिकने दारातून परतवली. गोळ्या बंद पडल्या. आणि एका सकाळी रोशनी झोपेतून उठली ती डाव्या अंगाने लुळी. नाशिकला आणली, रक्त चढवलं, जीव वाचला. पाय पुष्कळसा सुधारला, हात नाही.

गोळ्या चालू असत्या तर हे टळलंच असतं, असं कोणी छातीठोक सांगणार नाही. पण शक्यता खूप कमी झाली असती. तेवढी शक्यता त्या मुलीच्या हक्काची होती.

आणि मी काय केलं? मी तापले. अंगावर आलं की मी तापते, हा माझा जुना गुण. म्हटलं, "हे बघ बाई, तपासणी खोटं बोलत नाही."

"तपासणी कुठं बोलली?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बोल्ल्या तुम्ही. माझ्या पोरीचा बाप काशिनाथच हाय. मला म्हाईत हाय, तुम्हाला म्हाईत नाय. मंग ज्याला म्हाईत नाय त्यानं शोधायचं, का ज्याला म्हाईत हाय तिनं रडायचं?"

मागे रांगेतली माणसं कान टवकारून ऐकत होती. मी तिला आत बोलावलं आणि स्टुलावर बसवलं.

रोशनीला नुकतंच दुसऱ्याचं रक्त चढवलेलं. त्यामुळे आता तिचं तपासून उपयोग नव्हता, दोन रक्तांची खिचडी दिसली असती. मी जुन्या फायली उपसल्या. लाल कार्ड देताना केलेली तिची तपासणी सापडली. पट्टीवर विळ्याचा जाड डाग, बाकी जवळपास काही नाही. ते बघून आम्ही लाल ठरवलं होतं. त्याच कागदाला तिच्या रक्ताच्या मोजणीची पावती टाचलेली होती. ती मी तेव्हा वाचलीच नव्हती. पेशींचा आकार. लाल कार्डाच्या मुलांच्या पेशी वाकड्या असतात, पण आकाराने साधारण आपल्याएवढ्याच. रोशनीच्या फारच लहान होत्या.

बोरसेंनी चष्मा कपाळावर चढवला, पावती डोळ्यांशी नेली आणि हळूच त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "ताई, हाई थॅलेसेमिया ते नही शे?"

मी पावती त्यांच्या हातातून घेतली. थॅलेसेमिया ही रक्ताची वेगळी खोट. हिच्यात चिठ्ठीवर विळ्याची कृती नसते, चिठ्ठी कोरीच असते. एक चिठ्ठी चांगली आणि एक कोरी असलेल्या माणसाला काही होत नाही. पेशी जरा लहान राहतात, अधूनमधून थकवा येतो. आणि आमची ती रेघांची परीक्षा फक्त विळा शोधते. विळा नाही म्हणजे रेघा स्वच्छ दिसतात, म्हणजे पांढरं कार्ड. आता अशा बापाने लेकीला आपली कोरी चिठ्ठी दिली आणि आईने विळ्याची दिली, तर लेकीकडे कृती उरते फक्त विळ्याची. तिचं सगळं रक्त विळ्याचं होतं. पट्टीवर ती लालच दिसते. बाप पांढरा, आई पिवळी, लेक लाल, आणि कोणीही कुठेही गेलेलं नसतं.

हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. पण वर्षानुवर्षं रेघा बघत बसलं की रेघांपलीकडचं काही आठवत नाही. "नाही" म्हणायला एक क्षण लागतो. "थांबा, त्यांचं रक्त घेऊन या, बघून सांगते" म्हणायला दोन लागले असते. तो दुसरा क्षण मी त्या बाईला दिला नाही.

आता काशिनाथचं रक्त हवं होतं. मी आमच्या साहेबांकडे गेले. त्यांचं नाव घेत नाही, घेण्याएवढी त्यांची लायकी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, मुलाचा बाप कोण हे शोधणं आपलं काम नाही."

"बाप कोण नाही हे सांगितलं तेव्हा होतं का साहेब आपलं काम?"

"तुम्ही भावनिक होताय."

हो, होते. त्यात काय बिघडलं? सात वर्षांच्या मुलीच्या हाताला मूठ वळत नाही आणि मी काय व्हावं अशी यांची अपेक्षा होती?

काशिनाथ तेव्हा घोटीला भाताच्या गिरणीत हमाली करत होता. मी सुट्टीच्या दिवशी बसने घोटीला गेले. पर्समध्ये सुई, कापूस, जांभळ्या बुचाची नळी. हे नियमात बसत नाही हे मला ठाऊक आहे, ज्याला तक्रार करायची त्याने खुशाल करावी. गिरणीत कोंड्याची धूळ इतकी की माणूस दिसेना. मालकाने हाक मारली तेव्हा एक किडकिडीत पोरगा तोंडावरचा रुमाल सोडत पुढे आला. मी कोण ते सांगितलं. त्याने काही न विचारता पोत्यावर बसून बाही वर केली.

शीर शोधताना मी विचारलं, "दम लागतो का रे?"

"लागतो. या गोळ्या दिल्यात." त्याने खिशातून लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. वर्षानुवर्षं खात होता. त्याला लोहाची गरजच नव्हती. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि कमीही होतात. याच्या लहान होत्या, पण ढिगाने. कुठल्याशा दवाखान्यात मोजणी झालेली होती, तिचा कागद त्याने दाखवला, तिच्यात हे स्वच्छ छापलेलं होतं. तीही कोणी वाचली नव्हती.

"मी काय म्हणलो नव्हतो, बाई," तो खाली बघून म्हणाला. "भाऊ म्हणला."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय नाय म्हणलो."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण शिरेत सुई होती. नळी भरली, कापूस दाबून धरायला सांगितला आणि परतीची बस धरली.

नाशिकला एव्हाना नवं यंत्र आलं होतं. ते रक्तातल्या रंगाचे सगळे प्रकार वेगळे करून मोजतं. थॅलेसेमियाच्या वाहकात एक प्रकार वाढलेला असतो. साडेतीन टक्क्यांच्या आत असावा लागतो. काशिनाथचा साडेपाच आला. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. बोरसे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मनीबी चूक शे ताई. त्यांना पत्र लिहा, त्यावर माझीबी सही घ्या."

पत्र. त्या पत्रावरून साहेबांशी चार दिवस वाद झाला. मी लिहिलं, आधी दिलेली माहिती चुकीची होती. ते म्हणाले, चुकीची लिहू नका, "उपलब्ध तपासणीनुसार दिलेली" असं लिहा. "नवीन कार्ड द्या आणि विषय संपवा." नवीन कोणतं देऊ? आमच्या रंगांमध्ये काशिनाथचा रंगच नव्हता. त्याचं कार्ड आजही पांढरंच आहे. शेवटी मी साध्या कागदावर माझ्या हाताने लिहिलं. मी चुकले, काशिनाथच्या रक्तात असं असं आहे, रोशनी त्याचीच मुलगी असण्यात रक्ताची कोणतीही अडचण नाही, आणि हिराबाईला दोष देणारं एकही कारण या तपासण्यांत कधीच नव्हतं. खाली माझी आणि बोरसेंची सही. शिक्का साहेबांनी दिला नाही.

हिरा तेव्हा लेकीच्या हाताच्या व्यायामासाठी नाशिकला मावसबहिणीकडे राहत होती. एका रविवारी सकाळी मी, ती आणि रोशनी पेठच्या बसमध्ये बसलो. मी आदल्या दिवशी काशिनाथला फोन करून गावी बोलावून घेतलं होतं. मनातल्या मनात मी फार खुशीत होते. वाटत होतं, आज बाईला तिच्या घरी पोचवते, माझं ओझं उतरतं.

सासऱ्यांनी, सोमा त्यांचं नाव, आम्हाला आत बसवलं. पुंडलिक होता. काशिनाथ खांबाला टेकून उभा. मी पत्र वाचलं, मग सोप्या भाषेत चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. माझी चूक झाली, हे तीनदा सांगितलं.

"म्हंजी पोरगी आपलीच?" म्हातारा म्हणाला.

"तुमचीच."

त्याचे डोळे भरले, हे खरं आहे. पण पुंडलिक हुशार. त्याला पुढचं आधी कळलं. "म्हंजी मॅडम, खोट काशिनाथच्या रगतात हाय?"

"निम्मी त्याची, निम्मी हिराची. दोघांचाही गुन्हा नाही. तुमचंही रक्त तपासायला हवं. तुम्ही सख्खे भाऊ."

तो उठला आणि त्याने घराचं दार लोटून घेतलं. "मॅडम, हात जोडतो, ह्ये भायेर बोलू नका. बहिणीचं लगीन जमतंय. त्या लोकांना कळलं तर पाय ठेवायचे नायत आमच्या दारात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईच्या पदराची गोष्ट होती तेव्हा ओट्यावर गाव गोळा करायचं, मोबाइल हातोहात फिरवायचा. आणि आपल्या भावाच्या रक्ताची गोष्ट निघाली की दार लावायचं, हात जोडायचे. मी हे सगळं त्याला बोलले, याहून वाईट शब्दांत बोलले, ते इथे छापता येणार नाहीत. "तवाची गोष्ट येगळी व्हती," एवढंच तो म्हणत राहिला.

मग हिरा पुढे झाली. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, गाव बोलवा."

"झालं त्ये झालं, पोरी. घर तुजंच हाय. चूल पेटव."

हिरा उठली, तिने दार उघडलं आणि रोशनीला मांडीवर घेऊन ओट्यावर जाऊन बसली. हाक कोणालाच मारली नाही. तशी गरजही पडली नाही. आधी शेजारची म्हातारी आली, मग हंडे घेतलेल्या दोघी, मग पोरंसोरं, मग बाप्ये. मी बाहेर जाऊन पत्र वाचलं. आणखी माणसं आली, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा हिराने माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमचं झालं, बाई. आता यानं सांगावं."

काशिनाथ दारात आला होता. "काय सांगू?"

"पोरगी माझी हाय. येवढंच," हिरा म्हणाली.

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो भावाकडे बघत होता. रोशनीसुद्धा मान वर करून बापाकडे बघत होती. मला वाटलं, बोलेल. तीन शब्द तर आहेत, बोल की रे बाबा. मी मनात त्याची विनवणी करत होते.

"कागदात हाय की समदं," तो म्हणाला.

हिरा उठली. तिने लेकीला कडेवर घेतलं, डावा हात नीट पदरात गुंडाळला आणि मला म्हणाली, "चला." सासू आतून पाणी घेऊन आली होती, ती तशीच तांब्या धरून उभी राहिली. म्हातारा दोनदा "हिरा, हिरा" म्हणाला. काशिनाथ ओट्यावरून खाली उतरला नाही.

दुपारच्या बसने आम्ही परत निघालो. बस घाट चढायला लागली. रोशनी आमच्या मधे झोपली. मग हिराने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, त्या दिवशी काचेमागं, तुम्हालाबी वाटलं व्हतं का, मी तसली हाय म्हणून?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी मी इतकी माफी मागितली होती की आणखी एक खोटं त्यात खपून गेलं असतं.

"हो," मी म्हटलं. "वाटलं होतं."

तिने मान हलवली. रागावली नाही. लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"ह्ये असं तोंडानं त्यो बोल्ला असता ना," ती म्हणाली, "तर मी राह्यले असते."